सुरांची कळ कोणाच्या हाती?

घरात संगीत येण्याची वाट गेल्या सत्तर वर्षांत अनेकदा बदलली. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले, तेव्हा नवे गाणे आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी घरी येत असे. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि ते दिवसभर सोबतीला राहू लागले. पुढे कॅसेट आली, सीडी आली. साधने बदलली तरी एक गोष्ट कायम होती: गाणे सुरू करण्याची कळ ठरलेल्या जागी असे. अंधारातही बोट तिच्यावर बरोबर पडत असे.

आज स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूब म्युझिक यांसारख्या अ‍ॅपमुळे लाखो गाणी फोनमध्ये येऊन बसली आहेत. परंतु ज्यांच्या तरुणपणी ही गाणी घडली, त्या पिढीतील अनेकांसाठी ती पूर्वीपेक्षा दूर गेली. काचेच्या गुळगुळीत पडद्यावर कळ कोठे आहे, हे बोटाला कळत नाही. वाढत्या वयात त्वचा कोरडी होते आणि कोरड्या बोटाचा स्पर्श पडद्याला नीट ओळखू येत नाही. हाताला कंप असेल, दृष्टी अधू असेल, तर अडचण आणखी वाढते. मग ‘जरा ते गाणे लावून दे’ असे कोणाला तरी म्हणावे लागते. दोन-तीनदा म्हणून झाल्यावर संकोच वाटतो आणि हळूहळू म्हणणेच थांबते.

म्हणून अ‍ॅपला स्पीकर जोडून देताना केवळ ‘आवाज येतो का’ एवढे पाहणे पुरेसे नाही. ज्यांच्यासाठी ही जोडणी करायची, त्यांना गाणे स्वतःच्या हाताने सुरू करता यावे, थांबवता यावे आणि लहान-मोठे करता यावे. त्या दृष्टीने काय करता येईल, ते पाहू.

फोनचा आवाज अपुरा का पडतो?

वयोमानानुसार ऐकणे कमी होते, तेव्हा बहुधा उच्च कंप्रतेचे, म्हणजे बारीक, टोकदार ध्वनी आधी हरवतात. खर्जाकडचे ध्वनी त्या मानाने अधिक काळ ऐकू येतात. फोनमधला चिमुकला स्पीकर मात्र खर्ज जवळजवळ देतच नाही. डग्ग्याची घुमक, तंबोऱ्याची भरीव आस त्यातून निसटते. ज्येष्ठांना जे चांगले ऐकू येते तेच फोन देत नाही, आणि फोन जे देतो ते त्यांना कमी ऐकू येते. परिणामी गाणे पातळ, कर्कश वाटते आणि आवाज वाढवला तरी शब्द उमगत नाहीत. तळहाताएवढा बरा स्पीकर जोडला तरी हा फरक लगेच जाणवतो.

स्पीकर कोठे ठेवावा, यालाही महत्त्व आहे. ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले, की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे ही घट थोडी कमी असते, तरी नियम तोच. दिवाणखान्यातील कपाटावर मोठ्याने वाजणाऱ्या स्पीकरपेक्षा आरामखुर्चीजवळ, कानाच्या उंचीवर, हळू वाजणारा स्पीकर अधिक स्पष्ट ऐकू येतो. घरातील इतरांनाही त्याचा त्रास होत नाही.

जोडणीच्या दोन वाटा

पहिली वाट ब्लूटूथची. स्पीकर सुरू करून त्याची जोडणीची कळ काही क्षण दाबून धरावी. दिवा लुकलुकू लागतो. मग फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडून यादीत दिसणाऱ्या स्पीकरच्या नावावर बोट ठेवावे. एकदा ओळख झाली, की पुढच्या वेळी बहुतेक स्पीकर आपणहून त्या फोनला जोडले जातात. या वाटेला वाय-फाय लागत नाही. गाणी आधीच फोनमध्ये उतरवून ठेवली असतील, तर इंटरनेटही लागत नाही. अनेक अ‍ॅपमध्ये मात्र ही सोय सशुल्क सदस्यांपुरती असते. जेथे वीज वारंवार जाते, तेथे बॅटरीवर चालणारा ब्लूटूथ स्पीकर हीच भरवशाची निवड होय.

या वाटेची मर्यादा एकच, पण मोठी. गाणे फोनमधून स्पीकरकडे जाते. म्हणून फोन जवळ असावा लागतो. साधारण १० मीटरपर्यंत ही जोडणी टिकते, मध्ये भिंत आली की त्याहून कमी. अनेक घरांत स्पीकर सासूबाईंच्या खोलीत असतो आणि जोडलेला असतो सुनेच्या फोनला. सून कामावर निघाली, की जिन्यापर्यंत गाणे तिच्याबरोबर जाते आणि थांबते. शिवाय त्या फोनवर आलेली हाक स्पीकरमधून खोलीभर घुमते. बऱ्याच फोनमध्ये स्पीकरच्या नावापुढील सेटिंगमध्ये ‘कॉल’ बंद करून केवळ संगीत चालू ठेवता येते. ते अवश्य करावे.

दुसरी वाट वाय-फायची. स्पॉटिफाय कनेक्ट, गुगल कास्ट यांसारख्या सोयींत फोन केवळ दूरनियंत्रकाचे काम करतो. गाणे स्पीकर स्वतःच इंटरनेटवरून घेतो. फोन घराबाहेर गेला तरी गाणे चालू राहते आणि फोनवरील संभाषण स्पीकरवर येत नाही. त्यासाठी जोडणी करताना फोन आणि स्पीकर घरातील एकाच वाय-फायवर असावे लागतात. स्पीकरचे नाव दिसत नसेल, तर बहुधा फोन मोबाइल डेटावर असतो किंवा वाय-फायच्या दुसऱ्या नावाला जोडलेला असतो. आधी ते पाहावे. स्पीकर राउटरपासून दूरच्या खोलीत असेल, तर २.४ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय वापरावे. ते भिंतींपलीकडे अधिक दूर पोहोचते.

आणखी एक अडथळा वारंवार येतो. स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपमध्ये एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणे वाजते. नातवाने प्रवासात त्याच खात्यावर गाणे लावले, की घरी आजीचे गाणे बंद पडते. आजीला वाटते, आपल्याच हातून काहीतरी बिघडले. ज्येष्ठांसाठी स्वतंत्र खाते असावे. कौटुंबिक सदस्यत्व घेतले तर ते सोयीचे पडते.

हाताशी येईल अशी मांडणी

घरात वापरात नसलेला जुना स्मार्टफोन असेल, तर तो केवळ संगीतासाठी राखून ठेवावा. सिम कार्ड लागत नाही, वाय-फाय पुरते. पडद्यावर फक्त संगीताचे अ‍ॅप ठेवावे, अक्षरे मोठी करावीत, सूचनांचे आवाज बंद करावेत. हा फोन त्याच खोलीत राहतो, म्हणून ब्लूटूथची अडचणही संपते. मात्र जुनी बॅटरी फुगलेली नाही ना, हे अधूनमधून तपासावे आणि चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली ठेवू नये.

स्पीकर निवडताना त्याच्यावर उंचवट्याच्या, वेगवेगळ्या जाणवणाऱ्या कळा असाव्यात. गाणे सुरू-बंद करण्याच्या कळेवर एक टिकली चिकटवावी. बोटाला ती लगेच सापडते. आवाज वाढवण्याच्या कळेवर दोन टिकल्या लावता येतील. स्पीकरची व चार्जरची वायर चालण्याच्या वाटेवर येऊ देऊ नये. रात्री उठताना तिच्यात पाय अडकून पडण्याचा धोका असतो.

अ‍ॅपमधील काही सोयीही पाहून घ्याव्यात. यादी संपल्यावर अ‍ॅप आपल्या मनाने पुढची गाणी लावते. ते बंद करता येते. सर्व गाण्यांचा आवाज सारखा राखण्याची सोय असेल, तर ती चालू करावी, म्हणजे हळुवार भावगीतानंतर अचानक कडाडणारे गाणे दचकवत नाही. झोपताना ऐकण्याची सवय असेल, तर ठरावीक वेळाने गाणे थांबवणारा टायमर लावावा. विनामूल्य खात्यात मधूनच जाहिराती येतात. आजारी किंवा गोंधळलेल्या व्यक्तीला त्या विशेष त्रासदायक होतात.

आवाजी आज्ञेवर चालणारे स्पीकर अंथरुणाला खिळलेल्यांना आणि दृष्टी गेलेल्यांना मोठा आधार देतात. अ‍ॅलेक्सा हिंदी व इंग्रजी आज्ञा समजते. दोन-तीन छोटी वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावीत. परंतु स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला कोणी दिसत नसताना येणारा आवाज घाबरवू शकतो. तेथे साधा स्पीकरच बरा. त्याच कारणाने, दूर राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने घरातील स्पीकरवरचे गाणे आपल्या फोनवरून परस्पर बदलू नये. आधी फोन करून सांगावे, मग बदलावे.

कान, श्रवणयंत्र आणि हृदय

नवीन श्रवणयंत्रांपैकी अनेक थेट फोनला जोडता येतात आणि गाणे सरळ कानात पोहोचते. प्रत्येक यंत्र प्रत्येक फोनशी जुळतेच असे नाही. खरेदीपूर्वी श्रवणतज्ज्ञांकडून खात्री करून घ्यावी. त्यांच्याकडे संगीतासाठी वेगळी मांडणी करून मागावी. श्रवणयंत्रे प्रामुख्याने बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून जुळवलेली असतात. बासरीचा किंवा तंबोऱ्याचा लांबलेला सूर म्हणजे यंत्राचीच शिटी आहे, असे समजून काही यंत्रे तो दाबू पाहतात आणि गाणे बेसूर वाटते. दोष गाण्याचाही नसतो, ऐकणाऱ्याचाही नसतो. तो त्या मांडणीचा असतो.

एका कानाने कमी ऐकू येत असेल आणि हेडफोन वापरायचे असतील, तर फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू करावे. डाव्या-उजव्या बाजूंना वाटलेली वाद्ये आणि आवाज एकत्र होऊन दोन्हीकडे सारखेच येतात. मात्र एका कानाचे ऐकणे अचानक कमी झाले, तर सेटिंगमध्ये वेळ न घालवता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. अशा बहिरेपणात उपचार लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते. दर काही महिन्यांनी आवाज वाढवावा लागत असेल, तर तेही श्रवणचाचणीचे निमित्त समजावे. कित्येकदा कानातला मळ हेच कारण निघते.

प्रौढांनी ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. घरातली सोपी कसोटी अशी: गाणे चालू असताना हातभर अंतरावरील माणसाशी आवाज न चढवता बोलता आले पाहिजे. ज्यांना मुळातच कमी ऐकू येते, त्यांनी आपली मर्यादा श्रवणतज्ज्ञांना विचारावी.

फोन, हेडफोन आणि स्पीकर यांत चुंबके असतात. पेसमेकर बसवलेल्यांनी फोन छातीवरच्या खिशात ठेवू नये. किमान १५ सेंटीमीटर अंतर राखावे. हेडफोन गळ्यात अडकवून छातीवर लोंबत ठेवू नयेत, लहान स्पीकर छातीवर ठेवून पडू नये.

यादी त्यांची, आपली नव्हे

जोडणी झाली, की प्रश्न उरतो गाण्यांचा. येथे घरचे लोक नकळत एक गृहीत धरतात: साठी-सत्तरी ओलांडली म्हणजे अभंग आणि स्तोत्रेच हवीत. अनेकांना ती हवी असतातच. पण कोणाला नाट्यपदे हवी असतात, कोणाला लावणी, कोणाला महाविद्यालयाच्या दिवसांतले हिंदी चित्रपटसंगीत. दहा ते तीस या वयातल्या आठवणी उत्तरायुष्यात विशेष ठळक राहतात, असे मानसशास्त्राच्या अभ्यासात दिसून आले आहे. त्या काळातील गाणी विचारून घ्यावीत आणि सोबत बसून दहा-बारा गाण्यांच्या दोन-तीन छोट्या याद्या कराव्यात. नावे साधी असावीत: ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘तिन्हीसांजा’.

स्मृतिभ्रंशात अनेक आठवणी पुसट होत असताना ओळखीची गाणी बरेचदा दीर्घकाळ टिकून राहतात. संगीताने हा आजार बरा होत नाही. पण उदासी कमी होण्यास त्याची मदत होऊ शकते. अंघोळ घालताना, भरवताना ओळखीचे गाणे हळू आवाजात लावावे आणि दूरदर्शन संच बंद ठेवावा. चेहरा व हात पाहत राहावे. बोटे ताल धरत असतील तर गाणे चालू ठेवावे; कपाळावर आठी पडली, हात अस्वस्थ झाले, तर लगेच थांबवावे. एखादे गाणे गेलेल्या जोडीदाराची आठवण जागी करते. ते यादीतून काढायचे की ठेवायचे, हे शक्य तोवर त्यांनाच विचारावे. काहींना ते रडणेही हवे असते.

आणि एवढे करूनही फोन व अ‍ॅप जमत नसेल, तर हट्ट धरू नये. सारेगामाचा ‘कारवाँ’ २०१७ मध्ये आला, तो नेमक्या याच गरजेतून: आधीच भरलेली गाणी, हाताने फिरवायची कळ, इंटरनेटची गरज नाही. पेनड्राइव्ह लावता येणारा साधा स्पीकर किंवा एका केंद्रावर लावून ठेवलेला रेडिओही तेच काम करतो.

कोणतेही साधन निवडले, तरी शेवटी एक चाचणी घ्यावी. सर्व जोडून, एकदा दाखवून, आपण खोलीबाहेर यावे. आत बसलेल्यांनी कोणाला हाक न मारता गाणे सुरू करावे, आवाज कमी करावा, नको झाल्यावर बंद करावे. तीनही गोष्टी जमल्या, तर जोडणी पूर्ण झाली. एखादी अडली, तर टिकलीची जागा बदलावी, यादी लहान करावी, गरज वाटल्यास साधन बदलावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.