धावत्या चंद्रावरचा नेम

जून २०२५ मध्ये एका जपानी कंपनीचे ‘रेझिलियन्स’ हे यान चंद्रावर आदळून फुटले. त्याच्या तीनच महिने आधी ‘अथीना’ हे अमेरिकी यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या एका विवरात आडवे पडून निकामी झाले होते. दोन्ही वेळा एकच प्रश्न सगळीकडून ऐकू आला: १९६९ साली माणसे उतरवली, मग आज एक साधे यंत्र धड का उतरू नये? प्रश्न रास्त आहे, पण तो विचारावा लागतो हे बोचते. अपोलोचे दशक आता एका पावलाच्या ठशापुरते उरले आहे. त्या पावलाआधीची दहा वर्षे, १९५८ ते १९६८, मुख्यतः चुकलेल्या नेमांची होती. चंद्रापर्यंत पोहोचण्याची विद्या त्या चुकांतूनच घडली. आज आपण जे गमावले आहे ते त्याच वर्षांतले आहे.

अडचण अंतराची नाही. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर असला, तरी खरी गोष्ट ही की तो थांबलेला नाही. सेकंदाला सुमारे एक किलोमीटर या वेगाने चालत तो तासाभरात स्वतःच्या व्यासाइतका पुढे सरकतो. यान सोडायचे ते तीन दिवसांनी चंद्र जिथे असेल त्या रिकाम्या जागेकडे, आणि तेही स्वतः फिरणाऱ्या जमिनीवरून. अग्निबाण विझताना यानाचा वेग सेकंदाला ११ किलोमीटरच्या आसपास असावा लागतो. त्यात सेकंदाला एक मीटरची चूक झाली तर चंद्रावरचा टप्पा २५० किलोमीटर सरकतो, दिशा एका कलेने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, ढळली तर २०० किलोमीटर, असा हिशेब सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडला होता. ऑक्टोबर १९५८ मधले अमेरिकेचे ‘पायोनियर १’ वेग थोडा कमी पडल्यामुळे १,१३,८०० किलोमीटरवरून माघारी पडले. जानेवारी १९५९ मध्ये सोव्हिएत ‘लूना १’ चंद्राला सुमारे ६,००० किलोमीटरने हुकवून सूर्याभोवती फिरू लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘लूना २’ चंद्रावर आदळले तेव्हा माणसाचा पहिला नेम लागला.

पण नेम हा शब्दच इथे फसवा आहे. बंदुकीची गोळी सुटली की शिकाऱ्याचे काम संपते, यानाचे तेव्हा सुरू होते. वाटेत यान नक्की कुठे आहे ते मोजायचे, ठरलेल्या मार्गापासून किती ढळले ते काढायचे आणि छोट्या इंजिनाचा नेमका तेवढाच धक्का द्यायचा. या मार्गदुरुस्तीसाठी अमेरिकेच्या ‘रेंजर’ यानांनी सोसले तेवढे क्वचितच कोणी सोसले असेल. पहिली दोन याने पृथ्वीच्या कक्षेतच अडकली. जानेवारी १९६२ मध्ये ‘रेंजर ३’ला अग्निबाणाने जास्त वेग दिला. मार्गदुरुस्तीची आज्ञा गेली, पण जमिनीवरच्या आणि यानावरच्या संकेतांत अधिक-उण्याचे चिन्ह उलटे होते. यान हवे त्याच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखे वळले आणि चंद्रापासून जवळपास ३६,८०० किलोमीटरवरून निघून गेले. ‘रेंजर ४’ मुके होऊन चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर आदळले, ‘रेंजर ५’ची वीज गेली आणि ते ७२५ किलोमीटरने चुकले. पाचांपैकी एकाही यानाचे काम झाले नव्हते. तेव्हा नासाने चौकशी मंडळ नेमले आणि त्याने कुणाची भीड ठेवली नाही. पृथ्वीवरचे जंतू चंद्रावर जाऊ नयेत म्हणून यानाचे भाग तापवले जात होते आणि त्या उष्णतेने नाजूक भाग दुबळे होत होते, यावर मंडळाने बोट ठेवले. प्रकल्पाचा प्रमुख बदलला गेला. एवढे करूनही फेब्रुवारी १९६४ मध्ये ‘रेंजर ६’ ठरल्या जागेच्या अगदी जवळ आदळले आणि त्याच्या कॅमेऱ्यांनी एकही चित्र पाठवले नाही. पुन्हा चौकशी झाली, या वेळी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे, उघड. ३१ जुलै १९६४ रोजी ‘रेंजर ७’ने आदळण्यापूर्वीच्या सतरा मिनिटांत ४,३००हून जास्त छायाचित्रे पाठवली. त्या काळी या प्रकल्पाची टिंगल करणाऱ्यांनी सहा अपयशे मोजली. मला त्यात सहा तपासण्या दिसतात, आणि सातवे यान त्यांच्याच जोरावर पोहोचले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही. सोव्हिएत संघाने १९५८ मधले चंद्राकडचे तीन अयशस्वी प्रयत्न जगापासून लपवले, तरी चंद्रावर पहिले तेच पोहोचले आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये ‘लूना ९’ अलगद उतरवणारेही तेच पहिले. आज चीनही फारसे सांगत नाही, पण २०१३ पासून त्याची चार याने उतरली आहेत. मग उघडपणाचे एवढे कौतुक कशाला? लपवणे दोन प्रकारचे असते: लोकांपासून लपवणे आणि स्वतःच्याच अभियंत्यांपासून लपवणे. पहिल्याची किंमत एकच बंदिस्त संस्था अखंड काम करत असेल तर उशिरा मोजावी लागते. पण जिथे माणसे बदलतात, कामे बाहेरच्या कंपन्यांकडे जातात, पिढी निवृत्त होते, तिथे कागदावर न उतरलेली चूक पुढच्याला वारशात मिळते.

आणि तसेच झाले. ऑगस्ट १९७६ मध्ये ‘लूना २४’ चंद्रावरून माती घेऊन परतले, त्यानंतर २०१३ पर्यंत, सदतीस वर्षे, चंद्रावर कुणीच अलगद उतरले नाही. त्या वर्षांविषयी सांगण्यासारखे थोडे आहे, पण याच वर्षांत हातांतली विद्या विरली. फोनमध्येही अपोलोपेक्षा मोठा संगणक असतो, मग अडचण काय, असे म्हणणारे हे विसरतात की यान फसते ते गणिताच्या वेगामुळे नव्हे, उंचीच्या अंदाजामुळे. अपोलो ११ला खडकाळ जागा टाळायला आर्मस्ट्राँगचे डोळे होते. २०२३ मध्ये ‘हाकुतो-आर’ या जपानी कंपनीच्या यानाच्या संगणकाने, विवराच्या कडेवरून जाताना जमीन अचानक खोल गेल्याचे दाखवणारे उंचीमापकाचे बरोबर आकडे चुकीचे समजून नाकारले. यान पाच किलोमीटर उंचीवर इंधन संपेपर्यंत तरंगले आणि कोसळले. कंपनीने हे कारण महिनाभरात जाहीर केले. त्याच कंपनीचे पुढचे यान म्हणजे ‘रेझिलियन्स’. तेही पडले, पण दोष अंतर मोजणाऱ्या लेसरचा निघाला. जुनी चूक परतली नाही.

आपल्याकडे मात्र ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रावर उतरू पाहणाऱ्या ‘विक्रम’ या भारतीय यानाशी संपर्क तुटला, आणि त्याच दिवशी मोहिमेची ९० ते ९५ टक्के उद्दिष्टे साध्य झाल्याचे सांगितले गेले. दोन आठवड्यांत हा आकडा ९८ झाला. लोकसभेत नोव्हेंबरात आलेले उत्तर जास्त प्रामाणिक होते: ७.४ किलोमीटर उंचीपर्यंत सगळे ठीक होते, नंतर वेग ठरल्यापेक्षा जास्त घटला आणि यान ठरल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत आदळले. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त होता, चुका साचत गेल्या, यानाला पुरेसे झपाट्याने वळता येत नव्हते आणि उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर लांबीरुंदीची होती, हे इस्रोच्या प्रमुखांनी सविस्तर सांगितले ते जुलै २०२३ मध्ये, ‘चांद्रयान-३’ सुटण्याच्या तोंडावर. ती जागा मग ४ गुणिले २.५ किलोमीटर केली गेली आणि २३ ऑगस्टला यान उतरले. म्हणजे आतली तपासणी कठोर आणि उत्तम झाली होती. मग त्या तपासणीचा अहवाल लोकांपुढे का ठेवला नाही? सुरक्षेचे कारण मी समजू शकतो. संवेदनशील भाग झाकून बाकीचा छापता येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘चांद्रयान-४’ला २,१०४ कोटी रुपये मंजूर झाले आहेत. त्याला चंद्रावरून माती घेऊन परतायचे आहे, आणि परतीचा नेमही तसाच निर्दय असतो: अपोलोला वातावरणात शिरताना मिळणारी वाट जेमतेम दोन अंशांची होती. हे यान घडवताना खासगी कारखाने, नवे उद्योग, आज महाविद्यालयात शिकणारी मुलेमुली, अनेकांचे हात लागतील. ‘विक्रम’ का पडला ते त्यांना मूळ अहवालातून वाचता आले पाहिजे, आणि तो अजूनही बंद आहे.