ड्रोनची स्वयंचलित परतीची उंची : वऱ्हाडच्या भूरचनेच्या संदर्भात

प्रस्तावना :
स्नेहसंमेलन, भूगोलाची क्षेत्रभेट किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर अशा प्रसंगी हवाई चित्रणासाठी छोट्या ड्रोनचा वापर महाविद्यालयांतून होऊ लागला आहे. रिमोटशी संपर्क तुटल्यास अथवा बॅटरी क्षीण झाल्यास ड्रोन आपण होऊन उड्डाणस्थळी परततो. हा परतीचा प्रवास किती उंचीवरून व्हावा, हे उड्डाणापूर्वीच ठरवून द्यावे लागते. त्यात चूक झाल्यास ड्रोन झाडावर वा वीजतारांवर आदळून खालील माणसांच्या अंगावर पडण्याचा धोका संभवतो. प्रस्तुत लेखात या निवडीची तत्त्वे मांडली आहेत.

कार्यपद्धती :
परतीची उंची समुद्रसपाटीपासून किंवा ड्रोनखालील जमिनीपासून नव्हे, तर उड्डाणस्थळापासून मोजली जाते. ड्रोन ठरविलेल्या उंचीच्या खाली असल्यास सामान्यतः तो प्रथम सरळ वर चढतो व नंतर सरळ रेषेत परततो. म्हणून वृक्षाच्या फांद्यांखाली उडविलेला ड्रोन परतीच्या आरंभीच अडकू शकतो. तसेच बारीक तारा अडथळासूचक यंत्रणेला दिसतीलच, असे नाही.

सपाट प्रदेश :
अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर हा पूर्णा खोऱ्याचा भाग बव्हंशी सपाट आहे. येथे परिसरातील सर्वांत उंच अडथळा शोधून त्यात सुमारे २० मीटर मिळवावेत. मोबाइलचा मनोरा ४० मीटर असल्यास परतीची उंची ६० मीटर ठरते. यापेक्षा फार अधिक उंची ठेवणेही अहितकारक होय. कारण चढण्यात बॅटरी खर्च होते आणि वर वाऱ्याचा वेग सहसा अधिक असतो.

डोंगराळ प्रदेश :
सातपुड्याच्या पायथ्याशी हे गणित बदलते. उड्डाणस्थळापेक्षा ९० मीटर उंच टेकडीवर २० मीटरची झाडे असतील, तर पूर्वीच्याच हिशेबाने १३० मीटर उंची लागेल. परंतु ड्रोन नियम, २०२१ अन्वये हरित क्षेत्रात विनापरवानगी उड्डाणाची मर्यादा १२० मीटर आहे. अशा वेळी आकडा वाढविणे हा उपाय नव्हे. उड्डाणस्थळ बदलावे किंवा टेकडी ओलांडू नये. उलटपक्षी, पठाराच्या कड्यावरून ६० मीटरवर दरीकडे गेलेला ड्रोन दरीच्या तळापासून कितीतरी अधिक उंचीवर असतो, हेही विसरता कामा नये. चिखलदरा परिसर तसेच नरनाळा किल्ला येथे मेळघाटच्या संरक्षित वनक्षेत्रामुळे वनविभागाच्या परवानगीचा प्रश्न आधी उपस्थित होतो.

विमानतळाचे सान्निध्य :
अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. उपरोक्त नियमांनुसार कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी मर्यादा केवळ ६० मीटर आहे. त्याहून जवळ परवानगीविना उड्डाणच करता येत नाही. म्हणजेच दर्यापुरात योग्य ठरणारी उंची येथे थेट मर्यादेला भिडते. शासकीय हवाईक्षेत्र नकाशा पाहिल्याविना उड्डाण करू नये.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, परतीची सुरक्षित उंची हा यंत्रात एकदाच भरून ठेवावयाचा आकडा नसून प्रत्येक उड्डाणस्थळी नव्याने घ्यावयाचा निर्णय आहे. खालची मर्यादा अडथळे ठरवितात, वरची मर्यादा नियम ठरवितात. या दोहोंमध्ये जागाच उरत नसेल, तर त्या ठिकाणाहून उड्डाण न करणे हेच श्रेयस्कर होय. विद्यार्थ्यांच्या हाती रिमोट देण्यापूर्वी हा हिशेब त्यांच्याकडून कागदावर मांडून घ्यावा.