तिसऱ्या दिवसाची तयारी

मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला माणूस सरकारी रुग्णालयाच्या हाडांच्या वॉर्डात दाखल होतो. पहिला दिवस ठणक्यात जातो. दुसऱ्या दिवशी हात कापायला लागतात, अंगाला दरदरून घाम सुटतो. घरच्यांना वाटतं, ऑपरेशनची धास्ती घेतलीय. तिसऱ्या रात्री मात्र तो ट्रॅक्शनची दोरी सोडायला बघतो, चादरीवरचे नसलेले किडे झटकतो, बायकोला ओळखत नाही आणि ‘सेकंड शिफ्ट लागली, सोडा मला’ म्हणत खाटेवरून उतरायला जातो. डोक्याला मार असेल म्हणून स्कॅन होतो. स्कॅन साफ निघतो. मग एखाद्या जुन्या सिस्टर बायकोला बाजूला घेऊन विचारतात, ‘रोज घ्यायचे का? आणि शेवटची कधी घेतली?’ बायको आधी ‘नाही’ म्हणते, मग ‘कधीमधी’ म्हणते, आणि शेवटी खरं सांगते.

कुणीही न ठरवता सुरू झालेली ही दारूमुक्तीच असते. अपघात, कावीळ, तुरुंग, दुकानं बंद, अशा कुठल्याही कारणाने रोजची दारू एकदम तुटली की शरीर आपलं वेळापत्रक सुरू करतं. ते वेळापत्रक ओळखून माणसाला सुखरूप पार नेणं ही वैद्यकातली एक जुनी, बिनबोभाट कारागिरी आहे. तिच्या वाट्याला कौतुक कमी येतं, कारण ती जमली तर काहीच घडत नाही.

छत्रपती संभाजीनगरात अशा माणसाची वाट बहुतेक वेळा घाटीकडे जाते. १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय मराठवाड्याचा शेवटचा आसरा. जालना, बीड, परभणीच नव्हे, बुलढाणा आणि जळगावकडचेही रुग्ण इथे येतात. याच शहराच्या वाळूज आणि चिकलठाणा वसाहतींत बिअरचे मोठे कारखाने आहेत. २०१६ च्या दुष्काळात टँकरच्या रांगा लागल्या असताना उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि मग साठ टक्क्यांनी तोडायला सांगावं लागलं होतं. तेव्हा सगळ्यांनी कारखान्यात जाणारं पाणी मोजलं. कारखान्यातून निघालेली बाटली पुढे कुठे पोचते, हा हिशेब कुणी मांडला नाही.

देशाचा हिशेब मात्र आहे. दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या साधारण ५.७ कोटी लोकांचं पिणं उपचाराची गरज पडावी अशा टप्प्याला आलेलं आहे.

शरीरात नेमकं काय होतं? उतारावरची बैलगाडी मागून दोर लावून कुणी वर्षानुवर्षं ओढून धरली, तर बैलही तेवढ्याच जोराने पुढे ओढायला शिकतील. एक दिवस दोर सुटला की गाडी उधळणारच. दारू मेंदूला असंच मागे खेचते: शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचं काम वाढवते, उत्तेजित करणाऱ्या ‘ग्लुटामेट’चं दाबते. मेंदू तोल राखण्यासाठी उलट जोर लावत राहतो. दारू थांबते, जोर थांबत नाही.

शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत थरथर, मळमळ, घाम आणि बेचैनी येते. बारा ते चोवीस तासांत काहींना भास होतात. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक. आणि अठ्ठेचाळीस तासांनंतर, म्हणजे तिसऱ्या दिवसाच्या आसपास, काही थोड्या जणांमध्ये ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ उभा राहतो: भान हरपणं, बरळणं, ताप, भरधाव नाडी. हाडांच्या वॉर्डातला तो माणूस इथे पोचलेला असतो. उपचार नसण्याच्या काळात यात तीनातला एकजण दगावायचा. आज वेळेवर उपचार मिळाले तर शंभरात पाचही नाही. फरक पडला तो वेळेवर ओळखण्याने आणि योग्य औषधाने.

ओळखण्याचं हत्यार म्हणजे एक कागद. टोरोंटोच्या संशोधकांनी १९८९ मध्ये सुटसुटीत केलेल्या या तक्त्याला ‘सीवा’ म्हणतात. त्यात दहा बाबी, एकूण ६७ गुण. सिस्टर खाटेपाशी येऊन म्हणतात, ‘काका, हात समोर धरा, बोटं फाकवा.’ थरथर नुसती हाताला लागते की दुरून दिसते, त्यावर शून्य ते सात. कपाळावर घाम आहे का? अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं? उजेड डोळ्यांत खुपतो? कुणी नसताना आवाज येतात? आज वार कोणता, आपण कुठे आहोत? आठ-दहाच्या आत बेरीज असेल तर बहुधा देखरेखीवर भागतं. पंधराच्या वर गेली की डॉक्टरला उठवायचं. काही तासांनी पुन्हा तेच प्रश्न. रात्री दोन वाजता, शिव्या देणाऱ्या माणसाला शांतपणे वार विचारणं, यातच निम्मी कारागिरी आहे.

औषध बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने घडवलेलं हे औषध १९६० मध्ये ‘लिब्रियम’ नावाने बाजारात आलं. दारूने सोडलेला दोर ते काही दिवस हातात धरतं आणि पाच-सात दिवसांत हळूहळू सैल करतं. यकृत खराब असेल किंवा वय जास्त असेल तर डॉक्टर लोराझेपामकडे वळतात. हे गणित घरी, मेडिकलमधून गोळ्या आणून करायचं नाही. या गोळ्यांवर दारू पडली तर श्वास थांबू शकतो, आणि गोळीचीही सवय लागते.

आता सलाईन. आपल्याकडे अशक्त दिसणाऱ्या माणसाला पहिल्यांदा सलाईन लावायची, हा डॉक्टर आणि रुग्ण दोघांचाही आवडता इलाज. पण रोज पिणाऱ्याच्या शरीरात ‘ब-१’ म्हणजे थायमिनचा खडखडाट असतो. कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला मेंदूचा आजार याच अभावातून होतो: गोंधळ, डोळ्यांच्या हालचाली अडणं, झोकांड्या. दारू उतरली तरी झोकांड्या जात नाहीत, तेव्हा लोक म्हणतात ‘अजून चढलेलीच आहे’. थायमिन न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर हा आजार भडकू शकतो. म्हणून जाणता डॉक्टर थायमिनचं इंजेक्शन आधी किंवा सोबतच देतो. रक्तातली साखर घसरलेली असेल तर मात्र ग्लुकोज अडवून ठेवत नाही. स्वस्तातलं जीवनसत्त्व आहे हे. ते न मिळाल्याने गेलेली स्मृती बहुधा पूर्ण परत येत नाही.

थरथर, फिट आणि भान हरपणं हे दारूने होतं की दारू थांबल्याने, यावर डॉक्टरांचंच दीर्घकाळ एकमत नव्हतं. निकाल लागला १९५५ मध्ये, अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात. हॅरिस इझबेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या काही जणांना आठवडेच्या आठवडे, चांगलं खाऊपिऊ घालून, दारू पाजली आणि मग एकदम बंद केली. सर्वांत जास्त दिवस प्यालेल्यांपैकी काहींना फिट आल्या, काहींचं भान गेलं. आज असा प्रयोग कुठलीही नैतिक समिती मंजूर करणार नाही, आणि बरंच आहे.

आपल्याकडचा ‘प्रयोग’ २०२० च्या टाळेबंदीत झाला. एका रात्रीत देशभर दारूची दुकानं बंद. केरळ सरकारने तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. तो उच्च न्यायालयाने स्थगित केला. लहान प्रमाणात मात्र दरवर्षी हेच चालतं. श्रावण पाळला, माळ घातली, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ही श्रद्धा चेष्टेचा विषय नाही. तिने अनेकांची दारू सुटलीही आहे. पण सकाळी तोंड धुण्याआधी घोट लागणाऱ्याने शपथेआधी डॉक्टर गाठला पाहिजे. आपण मात्र तिसऱ्या दिवशी तो बरळायला लागला की ‘अंगात आलं’ म्हणतो.

भिंतीवरच्या ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ या जाहिराती तर सरळ जिवावरच्या. अशा पुडीत डायसल्फिराम असेल आणि तो त्यावर प्याला, तर रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाच्या संमतीने, समजावून दिलं तर तेच औषध उपयोगाचं. कोंडून ठेवणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांबद्दलही बोललं पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनाच्या आजारालाही लागू आहे आणि रुग्णाला साखळीने बांधायला त्यात साफ मनाई आहे. केंद्रात पाऊल ठेवताना एकच विचारावं: रात्री फिट आली तर डॉक्टर कोण येतं?

मराठीत या विषयाला माणुसकीचं वळण दिलं ते पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला ते सुरू केलं. निमित्त गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं होतं, पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने आले. पस्तीस दिवसांच्या तिथल्या उपचारात शरीरातली दारू उतरवणं हा फक्त सुरुवातीचा टप्पा. बाकीचे दिवस गटात बसून बोलण्याचे. स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं तिथे कार्यकर्ते म्हणून काम करतात.

सगळ्यांनाच खाट लागत नाही. आधी कधी फिट आलेली नाही, भास झालेले नाहीत, दुसरा मोठा आजार नाही, घरात एक न पिणारं जबाबदार माणूस आहे आणि डॉक्टर रोज तपासणार आहेत, तर घरीही हे जमतं. यांतलं एक जरी नसेल तर रुग्णालय. फिट, ताप किंवा गोंधळ दिसला तर थांबायचं नाही, १०८ ला फोन. कुठे जावं हेच कळत नसेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

सहाव्या-सातव्या दिवशी माणूस दाढी करून, दोन वेळा जेवून घरी जायला निघतो आणि नातेवाईक डिस्चार्ज कार्ड गाडीच्या डिकीत टाकतात. ते नीट जपून ठेवावं. दारू पुन्हा सुरू होणं या आजारात नवलाचं नाही, आणि प्रत्येक वेळी सोडतानाचा त्रास आधीपेक्षा जड जाऊ शकतो. एकदा फिट आलेल्याला पुढच्या खेपेला ती येण्याचा धोका जास्त. कॅज्युअल्टीतला नवा डॉक्टर ते कार्ड वाचेल तेव्हा पहिल्याच तासाला त्याला कळेल की या माणसाला तिसऱ्या दिवसापर्यंत वाट बघत ठेवायचं नाही.