आधी रजिस्टर, मग टेप

सकाळी ७. बांधकामावर नजर ठेवायची तर ऑफिस उघडायच्या आधी घराबाहेर पडावं लागतं. सातला गेलं तर सेंटरिंग दिसतं, अकराला गेलं तर स्लॅब पडलेला असतो. फळ्या काढायला दोन माणसं पुरतात, स्लॅब काढायचा तर पोलीस बंदोबस्त मागावा लागतो. छावणीत इतकी वर्षं बांधकाम परवान्याचं काम केल्यावर माझी पहिली खबर रस्त्यावरच मिळते. वाळूच्या ढिगाशेजारी चाळणी तिरपी उभी असली की गिलावा चाललाय, मी पुढे जातो. वाळूसोबत खडी पडली असेल आणि सळया वाकवायला माणूस बसला असेल, तर गाडी स्टँडवर.

आज गुरुवार, आठवडी बाजार. जनावरांचे टेम्पो लागायच्या आत फेरी उरकलेली बरी. शनिवारी दुपारी मात्र एक चक्कर जादा असते. रविवारी ऑफिस बंद, हे गवंड्यांनाही पाठ आहे.

सकाळी १०. टेबलावर टपाल. कोणताही नकाशा आला की आधी उघडायचं ते जनरल लँड रजिस्टर. नवीन पोरं आधी सेटबॅक मोजतात. मी म्हणतो, थांबा रे, जमीन कुणाची ते तर बघा. नदीपलीकडे शहरात सिटी सर्व्हेचा उतारा चालतो. इथे सर्व्हे नंबरपुढे वर्ग लिहिलेला असतो, ताबा कुणाचा आणि हक्क कोणत्या प्रकारचा याचे रकाने वेगळे असतात. बी-३ वर्ग आणि पुढे ‘ओल्ड ग्रँट’ असेल, तर घर तुमचं, पण खालची जमीन केंद्र सरकारची. ही पद्धत कंपनी सरकारच्या १८३६ च्या हुकमापासूनची. सरकारने एक महिन्याची नोटीस द्यावी, इमारतीची किंमत मोजावी आणि जागा परत घ्यावी, असा मूळ करार. लष्करी माणसाला राहायला बंगला मिळावा म्हणून केलेली सोय, आणि आज तिच्यावर चौथी पिढी संसार करते आहे.

अशा जागेचा नकाशा आमच्या एकट्याच्या हातात नसतो. तो रक्षा संपदा अधिकाऱ्याकडे जातो, सरकारची हरकत आहे का विचारायला. त्यांनी तीस दिवसांत कळवायचं. छावणी परिषदेने महिनाभर काहीच कळवलं नाही, अर्जदाराने रजिस्टर्ड पोस्टाने आठवण दिली आणि तरी पुढचे पंधरा दिवस शांतता राहिली, तर परवानगी मिळाली असं कायदाच धरून चालतो. हे कलम अर्जदारांपेक्षा त्यांच्या वकिलांना जास्त ठाऊक. फक्त ते एक विसरतात: ओल्ड ग्रँटच्या जागेत हा महिना रक्षा संपदाचा अहवाल आल्या दिवसापासून मोजायचा. म्हणून आवक शिक्क्यावरची तारीख मी स्वतः बघतो. पुसट उमटली तर परत मारायला लावतो.

सकाळी ११:३०. जागेवर. जुनं दगडी घर, मंगळुरी कौलं, आणि दोन भावांची वाटणी. धाकटा म्हणतो, “साहेब, आम्ही काही बांधलंच नाही. मधे भिंत घातली आणि मागून दार काढलं.” थोरला ओट्यावर बसून ऐकतोय, बोलत नाही. त्याची तक्रार माझ्या खिशात आहे, पण ते मी बोलून दाखवत नाही.

आता याला समजावायचं कसं? कायद्याच्या लेखी एका घराची दोन घरं करणं हेसुद्धा बांधकामच. वीट किती लागली याचा संबंध नाही. आधी १९२४ चा कायदा होता, आता २००६ चा. कलमांचे आकडे बदलले, हे तत्त्व राहिलं. त्यात ओल्ड ग्रँटच्या जागेचे तुकडे परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. मी टेप लावतो. भिंत चार इंची, पायाशिवाय, जुन्या फरशीवरच उभी. नवं दार काढताना वरचा दगडी लिंटेल खाली घेतलाय आणि वर नुसता लाकडी ओंडका. त्याच्या डोक्यावर कौलांचा सगळा भार. “दादा, परवानगीचं नंतर बघू. आधी इथे टेकू द्या, आजच.” थोरला तेवढ्यात उठतो आणि आतून एक वासा घेऊन येतो.

पंचनाम्यावर दोघांनीही सही केली. काम थांबवण्याची नोटीस निघेलच. ती मान्य नसेल तर वर दाद मागता येते, हेही सांगून ठेवलं.

दुपारी २:३०. जेवण, मग भेटीची वेळ. पडेगावहून एक काका गुंठेवारीची पावती घेऊन आलेत, छावणीतल्या मुलीच्या घराचंही तसंच नियमित करून द्या म्हणून. राज्याचा गुंठेवारी कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात आली, आणि शहरात लोकांनी त्याचा फायदा घेतला. छावणीला तो लागू नाही, कारण इथे केंद्राचा कायदा. काकांचा विश्वास बसत नाही. एकाच रस्त्याने आलो, मग कायदा मधेच कसा बदलला? प्रश्न रास्त आहे.

सायंकाळी ५. फाइली बंद. जाताना सगळे एकच विचारतात: छावणी महापालिकेत जाणार का? हिमाचलमधलं योल २०२३ मध्ये छावणी म्हणून संपलं, आणि इतर छावण्यांचा नागरी भाग शेजारच्या पालिकांना जोडायचं केंद्राचं धोरण आहे. उद्या नकाशा दुसऱ्या टेबलावर जाईल, एफएसआय वाढेलही. पण नुसत्या हद्दी बदलल्याने रजिस्टरमधला ‘हक्काचा प्रकार’ हा रकाना आपोआप बदलत नाही. दलाल नेमकं हेच सांगत नाहीत.

तेव्हा छावणीत घर बघत असाल, तर बयाणा देण्याआधी सर्व्हे नंबर घेऊन या आणि लँड रजिस्टरचा उतारा मागा. खरेदीखतातली नावं नंतर वाचा.