फुटबॉल संघाचा मालक कोण?
महिंद्र युनायटेड आणि आफ्रिकेतील माझेम्बे : दोन संघांची हकीकत

वापरणारे एक आणि मालक दुसरेच, हा प्रकार दारव्हेकरांना नवा नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील शकुंतला रेल्वेला पिढ्यान्‌पिढ्या लोक 'आपली गाडी' म्हणत आले. गाडी चालवीत होती सरकारी रेल्वे. पण मार्गाची मालकी इंग्रजांच्या काळातील एका खाजगी कंपनीकडेच राहिली होती. गाडी बंद पडली तेव्हा 'आपली' या शब्दाला कागदोपत्री किती वजन आहे, हे सर्वांना कळले.

फुटबॉल संघांचेही असेच असते. विदर्भाचा कापूस ज्या मुंबईला जाई, तेथील कापड गिरण्यांनी एकेकाळी फुटबॉलचे संघ बाळगले होते. मफतलाल, ऑर्के मिल्स ही नावे जुन्या शौकिनांना आठवत असतील. टाटा, रेल्वे, बँका, एअर इंडिया यांचेही संघ होते. पद्धत सरळ होती. खेळाडूचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर, सकाळी सराव, पगार कारकुनाचा किंवा कामगाराचा, आणि गुडघा गेला तरी नोकरी शाबूत. गरीब घरातील मुलाला फुटबॉल म्हणजे पोटापाण्याची सोय होती. कंपनीला त्यात काय मिळे? मैदानावर नाव, वर्तमानपत्रात बातमी, कामगारांत एकोपा. थोडक्यात, ताळेबंदाच्या भाषेत हा सर्व खर्च जाहिरात आणि कामगार कल्याण यांचा.

या पद्धतीचा सर्वांत यशस्वी नमुना म्हणजे महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा संघ. (जाता जाता सांगायचे तर, 1945 साली सुरू झालेल्या या कंपनीचे मूळ नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. त्यातील भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव बदलले.) कंपनीचा फुटबॉल संघ 1962 चा. 1996 मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली आणि खेळाला व्यावसायिक रूप येऊ लागले. नोकरीऐवजी करार आले, परदेशी खेळाडू आले. 2000 मध्ये संघाचे नाव 'महिंद्र युनायटेड' झाले. घानाचा युसूफ याकुबू याच संघाचा गोल करणारा मोहरा. मुंबईच्या कूपरेज मैदानावर खेळणाऱ्या या संघाने ड्युरँड कप 1998, 2001 व 2008 मध्ये, फेडरेशन कप 2003 व 2005 मध्ये, आयएफए शील्ड 2006 व 2008 मध्ये जिंकली. प्रशिक्षक डेरिक परेरा यांच्या हाताखाली 2005-06 ची राष्ट्रीय लीगही त्यांनीच मिळविली.

आणि 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. हरला म्हणून नव्हे, कंपनी बुडाली म्हणूनही नव्हे. यापुढे शालेय वयाच्या मुलांच्या फुटबॉलवर भर द्यायचा, असे कंपनीने ठरविले. पैसा कंपनीचा, तेव्हा निर्णयही तिचाच. त्यात बेकायदेशीर काही नाही. पण 48 वर्षांच्या संघाच्या बाजूने उभा राहण्याचा कायदेशीर हक्क कोणालाच नव्हता, कारण त्याला कंपनीबाहेर सभासदच नव्हते. करारावरील खेळाडूंना दुसरे दार शोधावे लागले. कपाटातील ढाली मात्र कायम राहिल्या.

त्याच 2010 च्या डिसेंबरात आफ्रिकेतील एक संघ अबूधाबीत क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरला. काँगोतील लुबुम्बाशी शहराचा टी. पी. माझेम्बे. आफ्रिकेतील संघ या टप्प्यापर्यंत प्रथमच पोहोचला होता. उपांत्य सामन्यात त्याने ब्राझीलच्या इंटरनॅसिओनालला 2-0 असे हरविले; अंतिम सामना इटलीच्या इंटरने 3-0 असा जिंकला.

माझेम्बेची स्थापना 1939 मध्ये ख्रिस्ती धर्मगुरूंनी केली. तेव्हा देश बेल्जियमच्या ताब्यात होता. पुढे संघाने एंगलबर्ट या टायरच्या छापाचे नाव घेतले, म्हणजे आपल्याकडील कंपनी-संघासारखीच गोष्ट. एंगलबर्ट या नावानेच त्याने 1967 व 1968 मध्ये आफ्रिकेचे अजिंक्यपद मिळविले. नंतर टायरचे नाव गळून पडले, पण संघ पडला नाही. नाव भाड्याने दिले होते. संघ विकला नव्हता. फरक आहे तो येथेच.

अर्थात माझेम्बेचे गुणगान करतानाही हात आखडता घ्यावा लागेल. 1997 पासून त्याची सूत्रे मोइझ कटुम्बी या धनाढ्य व्यापाऱ्याकडे आली. तांब्याच्या खाणींच्या त्या प्रदेशाचे, कटंगाचे, ते 2007 पासून 2015 पर्यंत गव्हर्नरही होते. 2009, 2010 व 2015 ची आफ्रिकन विजेतेपदे त्यांच्या काळातील. एका माणसाच्या तिजोरीवरचा संघ हा एका कंपनीच्या तिजोरीवरच्या संघापेक्षा अधिक सुरक्षित असतो, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

तिसरा मार्ग सभासदांचा. कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग 1891 चा. 1934 ते 1938 अशी सलग 5 वर्षे त्याने कलकत्ता लीग जिंकली. पुढे पडता काळही पुष्कळ पाहिला, तरी कोण्या एका कंपनीच्या ठरावाने तो मिटला नाही, आणि 2023-24 मध्ये त्याने आय-लीग जिंकून दाखविली.

आपल्या तालुक्यात स्पर्धेच्या वेळी दुकानदार, जिनिंगवाले, अडते जर्सीचे पैसे देतात आणि पाठीवर दुकानाचे नाव येते. द्यावेत. मात्र देणाऱ्याने व घेणाऱ्यानेही आधी काही गोष्टी पाहाव्यात. मंडळ संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले आहे काय? बँकेतील खाते मंडळाच्या नावावर, दोन सह्यांचे आहे काय? नाव किती वर्षांसाठी दिले आणि पैसे थांबले तर ते कधी काढायचे, हे साध्या कागदावर का होईना, लिहिले आहे काय? एखादा व्यापारी म्हणेल, जर्सीच्या एका जोडासाठी इतका खटाटोप कशाला? दुकान विकले गेले की पुढच्या मोसमात जर्सी कोणाच्या नावाची, हा वाद मुलांच्या अंगावर येतो, म्हणून.