पदकाच्या आधी विमान मिळावे लागते

२६ जानेवारीचे संचलन आपण घरोघरी दूरदर्शनवर पाहतो. लष्करी अधिकाऱ्यांच्या छातीवर रंगीबेरंगी फितींची रांग असते. मुले विचारतात, "बाबा, हे कशाचे?" आपण "शौर्याचे" असे एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतो. पण प्रत्येक फितीमागे एक हकिकत असते. अशीच एक हकिकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. पदक अमेरिकेचे आहे, काळ दुसऱ्या महायुद्धाचा आहे. आणि ज्यांनी ते पदक मिळविले, त्या माणसांना त्यांच्याच देशाच्या लष्कराने आधी लिहून दिले होते की, तुमची जातकुळीच लढाईच्या लायकीची नाही.

हे पदक कशाचे?

या पदकाचे नाव 'एअर मेडल'. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ११ मे १९४२ रोजी हुकूम काढून ते सुरू केले. ८ सप्टेंबर १९३९ पासूनच्या कामगिरीला ते लागू करण्यात आले. विमान आकाशात असताना केलेल्या गुणवत्तापूर्ण कामगिरीबद्दल हे पदक देतात. याच्याही वरचे एक पदक आहे, 'डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस'. ते २ जुलै १९२६ च्या कायद्याने अस्तित्वात आले आणि अटलांटिक महासागर एकट्याने उडून ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गला १९२७ मध्ये देण्यात आले. उड्डाणातील शौर्याला किंवा असामान्य कामगिरीला 'क्रॉस', आणि चिकाटीने, चोख बजावलेल्या कामगिरीला 'मेडल', असा साधारण हिशेब.

एअर मेडल ब्राँझचे असते. शिल्पकार वॉकर हॅनकॉक यांनी त्याचे चित्र घडविले. सोळा टोकांचे दिशादर्शक चक्र, त्यावर झेप घेणारा गरुड आणि गरुडाच्या पंज्यात विजेचे लोळ. फीत गडद निळी, तिच्यावर सोनेरी-केशरी पट्टे. तेच पदक पुन्हा मिळाले तर दुसरे पदक लावीत नाहीत, फितीवर ओकच्या झाडाचे छोटे धातूचे पान लावतात. महायुद्धाच्या काळात काही हवाई दलांत फेऱ्या मोजून हे पदक देत असत. शत्रूच्या मुलखावर ठरावीक फेऱ्या केल्या की पदक, आणखी फेऱ्या केल्या की पान.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. पदक उड्डाणाचे आहे. पदक फेऱ्यांचे आहे. मग ज्याला विमानात बसूच दिले नाही, त्याने फेऱ्या कोठून मोजायच्या?

कागदावरची बंदी

१९२५ मध्ये अमेरिकेच्या 'आर्मी वॉर कॉलेज'ने एक अहवाल तयार केला. निग्रोंना युद्धात कसे वापरावे, हा त्याचा विषय होता. निग्रोच्या मेंदूचे वजन गोऱ्यापेक्षा कमी असते, संकटात त्याचा धीर सुटतो, पुढारीपण त्याला जमत नाही, असे त्यात बिनदिक्कत लिहिले होते. हा अहवाल शिकल्यासवरलेल्या अधिकाऱ्यांचा होता. त्यात शास्त्र कोणते होते? शास्त्र मुळीच नव्हते. वर्णद्वेषालाच त्यांनी शास्त्राचा कोट चढविला होता.

आणि तो अहवाल लिहिला जाण्यापूर्वीच खोटा ठरला होता. जॉर्जिया राज्यात जन्मलेला यूजीन बुलार्ड हा कृष्णवर्णीय तरुण पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, फ्रान्सच्या हवाई दलातून लढाऊ विमान चालवीत होता. त्याच्या स्वतःच्या देशाने मात्र त्याला आपल्या हवाई दलात घेतले नाही. शिकागोच्या केशकर्तनालयात लोकांची नखे साफ करणारी बेसी कोलमन हिला वैमानिक व्हायचे होते. अमेरिकेत एकही शाळा तिला शिकवायला तयार होईना. तेव्हा तिने फ्रेंच भाषा शिकून घेतली, फ्रान्स गाठले आणि १९२१ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळविला. कापूस वेचणाऱ्या कुटुंबातली ही मुलगी. आमच्या माताभगिनींनी तिचे नाव जरूर लक्षात ठेवावे.

दार उघडले, पण किलकिले

दार आपोआप उघडले नाही. कृष्णवर्णीयांच्या संघटना आणि 'पिट्सबर्ग कुरियर', 'शिकागो डिफेंडर' यांसारखी त्यांची साप्ताहिके वर्षानुवर्षे या प्रश्नावर लिहीत राहिली. अखेर २२ मार्च १९४१ रोजी ९९ वी स्क्वॉड्रन उभी राहिली. तीही वेगळी, फक्त कृष्णवर्णीयांची. अलाबामा राज्यात टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी उभारलेली प्रसिद्ध शिक्षणसंस्था आहे. त्या गावाजवळ वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. पहिल्या तुकडीत तेरा जण होते. ७ मार्च १९४२ रोजी त्यातले पाच जण उत्तीर्ण झाले.

त्या पाचांमध्ये बेंजामिन डेव्हिस (धाकटे) होते. त्यांची कहाणी ऐकून अंगावर काटा येतो. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात ते १९३२ ते १९३६ अशी चार वर्षे शिकले. त्या चार वर्षांत कामापुरते सोडले तर एकही गोरा विद्यार्थी त्यांच्याशी बोलला नाही. खोलीत जोडीदार नाही, जेवणाच्या टेबलावर सोबत नाही. त्यांनी कंटाळून घरी यावे एवढाच हेतू होता. ते घरी गेले नाहीत. २७६ जणांत ३५ वा क्रमांक मिळवून बाहेर पडले. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच सुमारास, १९४२ च्या जानेवारीत, 'पिट्सबर्ग कुरियर'मध्ये जेम्स थॉम्पसन नावाच्या तरुणाचे पत्र आले. तो कॅन्सस राज्यात विमानाच्या कारखान्यातील उपाहारगृहात कामाला होता. त्याने मागणी केली दुहेरी विजयाची. बाहेरच्या शत्रूवर विजय आणि घरातल्या विषमतेवरही विजय. एका कामगाराच्या पत्रातून 'डबल व्ही' ही देशव्यापी चळवळ उभी राहिली.

आधी संधी नाही, मग ठपका

१९४३ च्या एप्रिलमध्ये ९९ वी स्क्वॉड्रन उत्तर आफ्रिकेत पोहोचली. २ जून रोजी पहिली लढाऊ फेरी झाली. २ जुलै रोजी चार्ल्स हॉल यांनी सिसिलीवर शत्रूचे विमान पाडले. टस्कीगीच्या वैमानिकाने पाडलेले ते पहिले विमान. हॉल यांना पुढे 'फ्लाइंग क्रॉस' मिळाला.

पण लगेच सप्टेंबरात वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्याचा अहवाल गेला. या लोकांत आक्रमकपणा नाही, विमाने फारशी पाडली नाहीत, यांना आघाडीवरून मागे घ्यावे, असा त्याचा सूर होता. वस्तुस्थिती काय होती? ९९ व्या स्क्वॉड्रनला काम दिले होते मुख्यतः जमिनीवरच्या ठाण्यांवर हल्ले करण्याचे. शत्रूची विमाने जेथे क्वचितच भेटतात तेथे धाडायचे आणि नंतर विचारायचे, विमाने का पाडली नाहीत? डेव्हिस यांना वॉशिंग्टनमध्ये समितीपुढे उभे राहून आपल्या माणसांची बाजू मांडावी लागली.

खरे उत्तर मात्र आकाशातून आले. २७ आणि २८ जानेवारी १९४४ रोजी इटलीत अँझिओवर शत्रूची विमाने समोर आली, आणि दोन दिवसांत या वैमानिकांनी दहाहून अधिक विमाने पाडली. संधी मिळताच गुणवत्ता दिसली. ती आदल्या दिवशीही होतीच.

लाल शेपटीची विमाने

१९४४ च्या उन्हाळ्यात ९९ वी स्क्वॉड्रन डेव्हिस यांच्या ३३२ व्या फायटर ग्रुपमध्ये सामील झाली. इटलीतील रामितेली हा त्यांचा तळ. मस्टँग विमानांच्या शेपट्या त्यांनी लालभडक रंगविल्या. काम होते बॉम्बफेकी विमानांची राखण करण्याचे. डेव्हिस यांची सक्त ताकीद होती की, एकट्याच्या नावलौकिकासाठी शत्रूच्या मागे धावू नका, राखण सोडू नका. पदकांचा हिशेब पाडलेल्या विमानांवर होत असताना असा हुकूम पाळणे सोपे नव्हते.

या वैमानिकांच्या राखणीत एकही बॉम्बफेकी विमान पडले नाही, अशी एक गोष्ट पुढे फार पसरली. ती खरी नाही. हवाई दलाच्या इतिहासकारांनी नोंदी तपासल्या तेव्हा २७ विमाने पडल्याचे आढळले. पण त्याच कामावरच्या इतर ग्रुपांची सरासरी ४६ होती. आम्हाला वाटते, खरा आकडाच पुरेसा बोलका आहे. आपल्या माणसांचा मोठेपणा सांगायला अतिशयोक्तीचा आधार लागत नाही.

२४ मार्च १९४५ रोजी हा ग्रुप थेट बर्लिनपर्यंत गेला. जाऊन-येऊन सुमारे १,६०० मैल. त्या दिवशी त्यांनी जर्मनांची तीन जेट विमाने पाडली. जेट म्हणजे त्या काळातले अतिशय वेगवान विमान. त्या कामगिरीबद्दल संपूर्ण ग्रुपचा गौरव झाला. युद्ध संपेपर्यंत टस्कीगीच्या वैमानिकांनी ९६ फ्लाइंग क्रॉस आणि शेकडो एअर मेडल मिळविली होती. साठाहून अधिक जण लढाईत कामी आले.

आणि जमिनीवर?

बर्लिनच्या त्या फेरीनंतर फक्त बारा दिवसांनी, ५ एप्रिल १९४५ रोजी, अमेरिकेतील इंडियाना राज्यात फ्रीमन फील्ड येथे कृष्णवर्णीय हवाई अधिकारी ऑफिसर्स क्लबच्या दारात गेले. तो क्लब गोऱ्यांसाठी राखून ठेवला होता. आत पाऊल टाकले म्हणून त्यांना अटक झाली. वेगळ्या क्लबाचा नियम मान्य आहे अशा कागदावर सही करा, असा हुकूम आला. १०१ अधिकाऱ्यांनी सही नाकारली. युद्धकाळात हुकूम मोडणे म्हणजे प्रसंगी मृत्युदंडही होऊ शकतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्यावरचे ठपके पुसायला हवाई दलाने १९९५ साल उजाडू दिले. म्हणजे ५० वर्षे!

जर्मनीच्या कैदेतून सुटलेले वैमानिक अलेक्झांडर जेफरसन मायदेशी परतले. जहाजातून उतरताना त्यांना पाटी दिसली, गोरे एकीकडे, काळे दुसरीकडे. आकाशात बरोबरी सिद्ध केलेल्या माणसाला धक्क्यावर पुन्हा वेगळ्या रांगेत उभे केले गेले.

आणखी एक गोष्ट आम्हाला आपल्या कष्टकरी वाचकांना सांगायची आहे. टस्कीगीत सुमारे एक हजार वैमानिक तयार झाले, पण त्या प्रयोगात एकूण चौदा हजारांच्या आसपास माणसे राबली. इंजिन उघडणारे मेकॅनिक, पॅराशूट घड्या घालणारे, दारूगोळा भरणारे, स्वयंपाकी, परिचारिका. इटलीच्या चिखलात रात्रभर जागून त्यांनी विमाने सज्ज ठेवली. त्यांना एअर मेडल नाही, कारण ते उडाले नाहीत. पण त्यांच्या हातांवाचून एकही विमान उडाले नसते.

आपल्याकडचे १९४१

हे वाचताना आपल्याला आपलाच इतिहास आठवतो. आपल्या पूर्वजांनी इंग्रजांच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. तरीही १८९० नंतरच्या दशकात 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली गेली. ती कायमची खुली व्हावी म्हणून बाबासाहेबांनी सतत प्रयत्न केले, आणि १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. ९९ वी स्क्वॉड्रनही त्याच वर्षीची. दोन देश, दोन समाज, पण नाकारणाऱ्यांची भाषा किती सारखी!

सन्मान उशिरा आला

२६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी हुकूम काढून सैन्यात समान वागणूक आणि समान संधीचे धोरण जाहीर केले. डेव्हिस १९५४ मध्ये अमेरिकी हवाई दलातील पहिले कृष्णवर्णीय जनरल झाले. २९ मार्च २००७ रोजी टस्कीगीच्या सर्वांना, आकाशातल्या आणि जमिनीवरच्याही, मिळून काँग्रेसचे सुवर्णपदक देण्यात आले. सुमारे तीनशे वृद्ध त्या समारंभाला हजर होते. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यांना सलाम केला. आयुष्यभर ज्यांचे सलाम गोऱ्यांनी टाळले, त्यांच्यासाठी ते सलाम परत केल्यासारखेच होते.

त्यांतले एक चार्ल्स मॅगी. दुसरे महायुद्ध, कोरिया आणि व्हिएतनाम अशा तीन युद्धांत त्यांनी ४०९ लढाऊ फेऱ्या केल्या. एअर मेडलवर त्यांनी २५ ओकची पाने मिळविली. जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी ते निवर्तले. ज्यांच्या मेंदूचे वजन कमी म्हणून लिहिले गेले होते, त्यांच्यापैकीच हे एक.

हे पदक गुणवत्तेचे असते. गुणवत्ता अमक्यात नाही असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा आपण एकच प्रश्न विचारावा. त्याला विमान दिले होते काय? घरातील मुलामुलींना ही हकिकत वाचून दाखवा. डेव्हिस यांची चार वर्षांची अबोल खोली त्यांना सांगा, बेसीची फ्रेंच भाषा सांगा, रामितेलीच्या चिखलातला मेकॅनिकही सांगा. उद्या कोणी त्यांना, हे तुझे काम नव्हे, असे म्हणाला, तर काय उत्तर द्यायचे ते त्यांना बरोबर समजेल.