रोजच्या गाडीची उंची : दोन इंचांचा विचार

ताम्हिणी घाटापलीकडच्या एखाद्या वाडीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर, पावसाने खोल कोरलेल्या चाकोऱ्यांमधील उंचवट्याला गाडीचे पोट घासू लागले म्हणजे, गाडी आणखी थोडी उंच असावी ही इच्छा मालकाच्या मनात स्वाभाविकपणेच उत्पन्न होते. मारुतीची जिम्नी किंवा महिंद्राची थार घेऊन तीच रोज कचेरीला नेणाऱ्यांचा वर्ग आपल्याकडे वाढला असल्यामुळे, ही इच्छा आता केवळ हौशी मंडळींपुरती राहिलेली नाही. परंतु जी गाडी वर्षातील बहुतेक दिवस डांबरी रस्त्यावर, गतिरोधकांवरून आणि मुलाबाळांसह द्रुतगती मार्गावर धावायची आहे, तिच्या उंचीचा निर्णय त्या बहुसंख्य दिवसांच्या हिताने व्हावा, वर्षातून क्वचित येणाऱ्या एखाद्या बिकट चढणीच्या हिताने नव्हे, असे माझे निश्चित मत आहे.

सर्वांत आधी, सस्पेन्शनच्या लिफ्टने नेमके काय उंचावते, याची स्पष्ट कल्पना हवी. पाच दारांच्या जिम्नीचा तळ जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच आहे, पुढील व मागील चाकांतील अंतर २५९० मिलिमीटर आहे, आणि दोन्हीकडे अखंड, ताठ आस आहे. अशा गाडीत लांब स्प्रिंगा बसविल्या असता चासी आणि तिच्यावरील सर्व भार वर जातो. आस मात्र चाकांच्या केंद्रातच असल्यामुळे, तिच्या मध्यभागी असलेली डिफरन्शियलची फुगीर पेटी दगडापासून होती तेवढ्याच अंतरावर राहते. ती उंचावायची असेल तर टायरच मोठा हवा, आणि तोही व्यासात जितका वाढेल त्याच्या निम्म्यानेच आस वर येते. जिम्नीचा मूळचा १९५/८० आर १५ टायर सुमारे ६९३ मिलिमीटर व्यासाचा आहे; त्याऐवजी २१५/७५ आर १५ घातला तर व्यास सुमारे ७०४ होतो, म्हणजे आसेला लाभ झाला तो अवघा पाच मिलिमीटरांचा. लिफ्टचा खरा उपयोग वेगळा आहे. उंचवट्यावरून जाताना पोट टेकू नये यासाठी जो कोन लागतो, तो मूळच्या जिम्नीत २४ अंशांचा आहे, आणि पन्नास मिलिमीटरांच्या लिफ्टने तो चार-पाच अंशांनी वाढतो. म्हणून ज्याच्या गाडीचे पोट वा पुढचा बंपर घासतो त्याला लिफ्ट उपयोगी पडते. ज्याची डिफरन्शियलची पेटीच दगडावर आदळते त्याला तीमुळे फारसा दिलासा मिळत नाही.

आता या लाभाचे मोल पाहू. जिम्नीची पुढची आस मागे चासीला जोडलेल्या दोन दांड्यांनी धरलेली आहे. चासी वर गेली की त्या दांड्या खाली कलतात, त्यांच्याबरोबर आसही किंचित फिरते, आणि ज्या अक्षाभोवती चाक वळते त्या अक्षाचे वरचे टोक पुढे झुकते. या अक्षाच्या मागील झुकावाला कॅस्टर म्हणतात; वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते मुख्यतः त्याच्या बळावर. कॅस्टर घटला की महामार्गावर गाडी चंचल होते आणि चालकाला हात सतत सावध ठेवावे लागतात. त्यावर उपाय म्हणजे छिद्र केंद्रापासून सरकवलेले खास बुश. आणि पन्नास मिलिमीटरांचे किट विकणारा दुकानदार या बुशांचा शब्दही काढीत नसेल, तर ते किट अपुरे समजावे. आसेला आडवी धरणारी पॅनहार्ड दांडीही तिरपी होऊन आसेला काही मिलिमीटर एका बाजूला ओढते; तिथे लांबी जुळविता येणारी दांडी घालावी लागते. ब्रेकच्या नळ्या चाक पूर्ण खाली लोंबकळत असतानाही ताणल्या जात नाहीत, याची खातरजमा गाडी जॅकवर असतानाच करून घ्यावी.

नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या थारचा प्रश्न निराळा आहे, कारण तिची पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. तिथे उंची वाढली की चाकाला फिरविणाऱ्या शाफ्टचे सांधे अधिक तिरके होऊन लवकर झिजतात. या गाडीच्या स्ट्रटवर वीस मिलिमीटरांची चकती, म्हणजे स्पेसर, घातली तर ती चाकापाशी त्याहून पुष्कळ अधिक उंची देते, कारण स्ट्रट चाकापासून आत, आर्मवर टेकलेला असतो. स्वस्त म्हणून खपणाऱ्या या स्पेसरांत स्प्रिंग व शॉकअप जुनेच राहतात. माझ्या मते हा मार्ग केवळ दर्शनी उंचीचा आहे.

खरी पारख लागते ती स्प्रिंगच्या निवडीत. १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीस जीप जोडण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून पाट्यांच्या स्प्रिंगा असलेल्या जीपांना एक पाटा वाढवून उंच करण्याची चाल आपल्या गॅरेजांत रूढ होती. त्याने उंची येई, पण रिकामी जीप प्रत्येक खड्ड्यावर उसळे. उंची आणि कडकपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आजही पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. गाडीवर लोखंडी बंपर आणि तीस-चाळीस किलोंचा विंच कायमचा बसणार असेल तर पुढे अधिक भाराची स्प्रिंग योग्यच. पण तो भार नसताना तीच स्प्रिंग घातली तर गाडी सांगितल्यापेक्षाही उंच उभी राहते, चाक उताराला खाली सुटण्यास वाव उरत नाही, आणि पाठीला रोज धक्के बसतात. म्हणून कायमच्या सामानाचे वजन आधी कागदावर मांडावे, मग स्प्रिंग ठरवावी, आणि शॉकअप त्याच स्प्रिंगला जुळणारेच घ्यावे.

पन्नास मिलिमीटरांवर, म्हणजे सुमारे दोन इंचांवर, मी थांबतो त्याचे कारण गणिताने दाखविता येते. समजा, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १४०० मिलिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरांवर आहे. अंतराच्या निम्म्याला या उंचीने भागले की १ येतो. आस व चाके जागच्या जागी राहत असल्यामुळे गुरुत्वमध्य चाळीसेक मिलिमीटरच वर गेला, तरी तो आकडा ०.९५ होतो, म्हणजे कलंडण्यास होणारा विरोध पाच टक्क्यांहून अधिक घटतो. वर सामानाची जाळी लादली तर तो आणखी घटेल.

कायद्याची बाजूही दृष्टीआड करता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्याची मुभा मालकास नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी खुलासा मागवावा.

बसविण्याच्या कामात एक बारीक गोष्ट वारंवार चुकते. गाडी वर टांगलेली असतानाच दांड्यांचे बोल्ट पूर्ण आवळले, तर चाके जमिनीवर आल्यावर बुशांचे रबर कायम पिळलेले राहते आणि लवकरच फाटते. ते बोल्ट आधी सैल ठेवावेत, गाडी स्वतःच्या चाकांवर उतरवावी, दोन-तीन वेळा दाबून बसवावी, आणि मगच टॉर्क रेंचने आवळावेत. त्यानंतर अलाइनमेंट करून कॅस्टरचा आकडा छापील पत्रकावर मागून घ्यावा, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही इतका खाली आणावा, आणि पाचशे-एक किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत, कारण नव्या स्प्रिंगा तेवढ्या अवधीत थोड्या बसतात.